दसऱ्याचा नारळ आणि नंदूच्या गाडीचा डबा

मुलुंड पूर्व,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

चि. नंदकुमार यास शिवदासचे अनेक आशीर्वाद.

(चाळिशी ओलांडलेल्या आणि परदेशात हाताखाली माणसे असलेल्या गृहस्थाला चिरंजीव लिहिताना पेन जरा अडखळते, पण बायकोचा धाकटा भाऊ कितीही मोठा झाला तरी धाकटाच राहतो, त्याला माझा इलाज नाही.) इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझ्या बहिणीच्या, म्हणजे नलिनीच्या गुडघ्याने थंडीची वर्दी दिली आहे. तुमच्या आईंची प्रकृती गेल्या पत्रात होती तशीच, म्हणजे त्याहून थोडी कमी. डॉक्टर पूर्वी महिन्याचे औषध लिहून देत, हल्ली आठवड्याचे देतात. मी कारण विचारले नाही. तुझा खोकला गेला का ते कळव.

दसऱ्याच्या सकाळी मी तुझ्या गाडीला नारळ फोडला आणि त्यात गाडीच फुटली, हे नलिनीने तुला कळवलेच आहे. पण तिच्या पत्रात नुसती घटना आहे, कारण नाही. कारण असे, की आमच्या गावी दसऱ्याला नारळ हत्यारासमोर जमिनीवर आपटत नाहीत, हत्यारावरच फोडतात. पिठाची गिरणी चालवणारा गिरणीच्या लोखंडी बैठकीवर फोडायचा आणि वर्षभर गिरणी कुरकुरत नसे. तेच मनात धरून मी बॉनेट उघडले, आतली धूळ पुसली, बॅटरीवर झेंडू ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि नारळाला टणक जागा शोधू लागलो. तुझ्या जपानी गाडीत सगळेच एकमेकाला चिकटून बसलेले. त्यात एक काळे, गोल झाकण तेवढे शाळिग्रामासारखे शांत दिसले. मी हात जोडले आणि नारळ हाणला. नारळ शाबूत राहिला. झाकणाखालचा प्लास्टिकचा डबा उभा चिरला आणि त्यातून लालभडक तेल गाडीखाली वाहू लागले. (नारळ नंतर पायरीवर फोडला. प्रसाद वाटला. खोबऱ्याला तेलाचा वास येत होता, पण प्रसादाला नावे कोण ठेवणार.)

तळमजल्यावरच्या वसुधाबाई त्याच वेळी दूध घेऊन आल्या. गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि जमिनीवर तो लाल ओघळ. त्या म्हणाल्या, "शिवदासभाऊ, कोंबडा कापलात काय?" मी म्हटले, "नाही हो, स्टीअरिंगचे तेल आहे." त्या म्हणाल्या, "तेल लाल असतं होय?" आणि पदराने दूध झाकून गेल्या. संध्याकाळपर्यंत फलकावर सूचना लागली, की सोसायटीच्या आवारात बळी देण्यास मनाई आहे. मी माळ घातलेला माणूस, अंडेसुद्धा खात नाही. ती सूचना मी रोज जाता-येता वाचतो.

मग कळले, की त्या डब्यातल्या तेलाच्या जोरावर तुझी गाडी एका बोटाने वळते. मी दहा वर्षे कंपनीची मेटाडोर चालवली. तिथे स्टीअरिंग वळवायला खांदे लागतात, तेल नाही. तेल गेल्यावर तुझे चाक वळवून पाहिले, तर आमच्या आईचे जाते नाचणी भरून फिरवल्यासारखे वाटले. घाटकोपरच्या गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये डोकावून, मयताला आल्यासारखी मान हलवली. सुटा भाग इथे मिळत नाही म्हणाला.

आता तू म्हणशील, उभ्याच असलेल्या गाडीला स्टीअरिंग हवे कशाला. इथेच माझी अडचण आहे. तू 'कायमचा परत आलो' म्हणत ही गाडी बोटीने आणलीस, देवीला नवस बोललास, की पहिली लांबची फेरी आईला घेऊन गावी, ओटी भरायला. चार महिन्यांत कंपनीची तार आली आणि तू गेलास. गाडी राहिली. आईही राहिल्या, पण लेकीच्या घरी. त्यांच्या पिढीची बाई जावयाच्या घरचे अन्न घशाखाली उतरवते, पण मोजून. म्हणून त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे. संध्याकाळचा चहा त्या तुझ्या गाडीत बसून घेतात. जेवण लेकीकडे, चहा लेकाकडे. तुझी गाडी डावीकडून चालवायची असल्यामुळे त्या उजव्या सीटवर बसतात आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटते, म्हातारी गाडी घेऊन कुठेतरी निघाली आहे. तीन वर्षे त्या निघाल्याच आहेत. हल्ली खाली उतरताना त्यांना माझा हात लागतो.

म्हणून तू दिवाळीला, तिकडून रजेवर आलेल्या अंबादासबरोबर नवा डबा पाठवलास, तेव्हा मला देव भेटल्यासारखे झाले. (सहार विमानतळावर कस्टमवाल्याने डबा कानाशी हलवून पाहिला म्हणे. रिकामा डबा इतक्या जपून आणणारा माणूस त्याने पाहिला नव्हता.) रविवारी आंघोळ-पूजा उरकून मी कामाला बसलो. उरलेले तेल धरायला नलिनीची पुरणाची परात घेतली. ती परात आता गॅलरीत असते आणि तिच्यात कोथिंबीर लावली आहे. डब्याला दोन पाइप. उलटे लागू नयेत म्हणून एकाला लाल दोरा बांधला, दुसऱ्याला पांढरा. तेलाने दोन्ही लाल झाले. मी बराच वेळ ते दोन लाल दोरे बघत बसलो. शेवटी लक्षात आले, की दोन्ही पाइपांची जाडीच वेगळी आहे, चुकीचा पाइप बसतच नाही; जपानमध्ये कोणीतरी माझ्यासारख्याचा विचार आधीच करून ठेवला होता. डबा बसवला, पट्ट्या आवळल्या, खुणेपर्यंत तेल भरले, इंजिन चालू करून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो. भात शिजताना येतात तसे बुडबुडे आले आणि हळूहळू शांत झाले. खाली एक थेंब नाही. मी तिथेच जमिनीवर बसून नमस्कार केला. नारळ आणला नाही.

गुरुवारी पहाटे निघायचे ठरले. मला वाटले, नवस तुझा असला तरी चाके फिरली म्हणजे देवी समजून घेईल. आईंनी ठेवणीतले लुगडे नेसले, मांडीवर ओटीचे तांदूळ, खण आणि नारळ घेतला. नलिनी मागे बसली. फाटकापर्यंत आलो तेव्हा आईंनी विचारले, "नंदू खंय चढतलो? ठाण्याक?"

मी म्हटले, "नंदू मस्कतला आहे, आई. मी नेतोय."

त्यांनी मांडीवरची ओटी पदराखाली घेतली. मग म्हणाल्या, "तुमी नेलास तर ती जावयाची गाडी झाली. नवस झिलान बोललो, आनि फेडूक जावई? देवी माका काय म्हणतली?" नलिनी मागून म्हणाली, "अगो, देवी काय लायसन बघता?" त्यावर आई एवढेच म्हणाल्या, "गाडी मागे घेवा."

मी गाडी मागे घेतली. एका बोटाने वळली. नंदू, तुझे तेल फार चांगले काम करते.

तेव्हा गाडीची काळजी नसावी. तुझी रजा पुढच्या वर्षी आहे, असे मी आईंना सांगितले. त्या "बरां" म्हणाल्या आणि रिकामा कप माझ्या हातात दिला. तू तब्येतीला जप, घाईने काही करू नकोस. 

तुझा,
शिवदास

ता. क. हे पत्र टपालाने टाकत आहे, म्हणजे अंबादास तुला आधी भेटेल. त्याच्या पिशवीत नलिनीने रव्याचे लाडू दिले आहेत. वरचे आधी खा, ते त्या दिवशी जरा जास्त भाजले गेले.

ता. क. लाडवांखाली आईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले जे तुला मिळाले असेल, ते खायचे नाही. तो गाडीचा डबा आहे. काल सकाळी देवाला नमस्कार करून मी तो पुन्हा उतरवला. (आता हात बसला आहे. वसुधाबाईंनी खिडकी लावून घेतली.) पाइपांची तोंडे फडक्याने बांधून ठेवली आहेत, जाड कोणता ते तुला समजेलच. डब्यावाचून गाडी फाटकापर्यंतही जाणार नाही. इथे तसा डबा मिळत नाही आणि पोस्टाने पाठवलास तर मी घेणार नाही. तो तुझ्या हाताने आण आणि तुझ्या हाताने बसव. आठवड्याच्या औषधाचे वर लिहिले आहे, ते पुन्हा एकदा वाच.

ता. क. आईंशी मी खोटे बोललेलो नाही. त्यांनी विचारले, गाडीचा डबा खंय गेलो? मी म्हटले, नंदूकडे. एवढेच. अंबादासची टॅक्सी दुपारी नाक्यावरून वळून गेली. आत्ता संध्याकाळी त्या चहाला खाली निघाल्या, तेव्हा त्यांनी नलिनीकडे दोन कप मागितले, एक आपल्याला, एक डावीकडच्या सीटला.