ला लिनेआच्या घाटाआधी

इबागे, रविवार संध्याकाळ

ओतिलियाताई,
धाकट्याचा तुला नमस्कार, आईला मिठी.

हे पत्र आणणाऱ्या गुमेर्सिंदोला आधी गरम गुळाचं पाणी दे. सायकलवरून पडून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, म्हणून तो शर्यत सोडून आजच्या बसने गावी येतोय. संघात माझ्याशी बोलणारा तेवढाच होता.

शर्यत निम्मी झाली. मी तिसरा आहे आणि आमचा कॅप्टन पाचवा. मी त्याच्या पुढे गेलो हे कुणाला आवडलेलं नाही. जेवताना मीठ मागितलं तरी कुणी पुढे करत नाही. पण जेवण पोटभर असतं, काळजी नको.

रेडिओवाले म्हणतात, "हा पोरगा ला लिनेआच्या घाटात गळणार." आई ऐकते का गं? तिचा खोकला कसा आहे? बटाटे काढून झाले का?

उद्या तोच घाट आहे. मॅनेजर म्हणाले, "आर्सेनियो, कॅप्टन मागे राहिला तर तू त्याच्यासाठी थांबायचंस. पुढच्या वर्षी संघात राहायचंय ना?"

मी हो म्हणालो.

उद्या मी मागे पडल्याचं रेडिओवर ऐकलंत, तर आईला एवढंच सांग, की माझे पाय चांगले होते.

तुझा,
आर्सेनियो