शिवांजलीचा वेबकॅम आणि हवेतला चोर

२ मे २००८, शुक्रवार. गेवराई.

धाकट्या बहिणीला, शिवांजलीला स्थळ आलंय. मुलगा राजेश्वर, सिंगापूरला इंजिनियर. रजा मिळत नाही, म्हणून मुलगी वेबकॅमवर बघणार. १८ तारखेला त्याचे आईवडील लातूरहून माझ्या सायबर कॅफेत येऊन बसतील. आप्पा म्हणाले, तुझ्या त्या डबड्यांचा एवढा तरी उपयोग झाला. मनावर घेतलं नाही. घरात पोरगी आहे म्हटल्यावर बाप असंच बोलतो.

आज ट्रायल घेतली. चित्र छान. मधे एकदाच अडकलं. का अडकलं, याचा छडा लावल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही.

३ मे, सकाळ

छडा लागला. आपलं नेट वायरलेस आहे, गेवराईत पहिलं. म्हणजे हवेतून कोणीतरी ओढतंय. समोरच रामकिसनचं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान. त्याच्याकडे अजून वायरींचा गुंता, तरी गिऱ्हाईक बसलेलं. संशयाला भरपूर जागा आहे.

शिवांजली म्हणाली, दादा, मग पासवर्ड लाव की. हसू आलं. पासवर्ड लावला की चोर सावध होणार. मग पुरावा कुठून आणायचा? हवेतून जाणारी माहिती पकडून, उलगडून दाखवणारी सॉफ्टवेअर असतात. त्यातलं योग्य ते निवडायचं. घाई नाही. उद्या संध्याकाळपर्यंत चोर हातात.

५ मे

पहिलं टूल नेटस्टंबलर. आसपास कुठली वायरलेस नेटवर्कं आहेत ते दाखवतं. एकच दिसलं. माझं. अभिमान वाटला, पण चोर काही दिसला नाही. टूल बाद.

७ मे

दुसरं टूल वायरशार्क. नेटवरून जाणारं एकेक पाकीट फोडून आत काय आहे ते दाखवतं. दुपारभर बघत बसलो. सगळी पाकिटं माझ्याच मशीनची. वाचल्यावर कळलं की विंडोजवर आमच्या वायरलेस कार्डाला फक्त स्वतःचंच ऐकू येतं. (घरातही काही जणांचं असंच आहे. नावं लिहीत नाही.) दुसऱ्याचं ऐकायचं तर कार्डाला मॉनिटर मोड पाहिजे. औरंगाबादला फोन करून तसलं कार्ड मागवलं.

८ मे

तिसरं टूल किस्मेट. गुपचूप बसून सगळ्यांचं ऐकतं. हेच पाहिजे होतं! फक्त ते लिनक्सवर चालतं, विंडोजवर नाही. लिनक्सची अख्खी सीडी डाउनलोड करावी लागेल. कौंटरच्या मशीनवर लावली. लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून लावली.

१० मे

चोर चेकाळलाय. दोन दिवसांत नेट पार बसलं. डी.एड.वाला बंकट अर्ध्यातून उठला. म्हणाला, लई स्लो हाय बे तुझं नेट, समोर जातो. आणि गेला. माझ्या डोळ्यांदेखत! चोराच्याच दुकानात!

डाउनलोड निम्म्यावर आलं होतं. लाईट गेली. पुन्हा लावलं.

१२ मे

आईनं जाहीर केलं की पोरगी पूर्वेला तोंड करून बसली पाहिजे. कॅबिनमधलं टेबल फिरवलं. आता दार शिवांजलीच्या पाठीमागं आलं आणि कॅमेऱ्यात तिचा चेहरा काळाकुट्ट. आप्पांच्या किराणा दुकानातला बल्ब काढून आणला. आप्पांनी अंधारात डाळ मोजली. आईनं विचारलं, त्यो कुठं तोंड करून बसणार हाय? सिंगापूरची दिशा काढून सांगतो म्हणालो.

शिवांजली म्हणाली, दादा, त्या दिवसापुरती वायर जोडायची का? तिला समजावलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

१५ मे

झोप नाही, भूक नाही. तीन दिवसांवर कार्यक्रम आणि ट्रायलमध्ये चित्र हलेना. आप्पा रोज एकच विचारतात, हुईल ना रे नीट? मी मान हलवतो. शिवांजली नवी साडी नेसून आरशासमोर वेबकॅमवर बोलायचं कसं याची तालीम करते. मला पाहिलं की आरसा सोडून निघून जाते.

१७ मे, शनिवार

विजय! लिनक्सची सीडी उतरली. औरंगाबादहून कार्ड आलं. दोन्हींचं जुळलं. आता किस्मेट चालवायचं तेवढं बाकी. पण साइटवर पाहिलं तर सीडीची नवीन आवृत्ती आलेली. चोर पकडायचा तर जुन्या हत्यारानं कशाला? नवीन डाउनलोडला लावली. इन्व्हर्टरही जोडला, आता लाईट गेली तरी तुटणार नाही.

१८ मे, रविवार

लिहवत नाही.

अकराला पाहुणे बसले. राजेश्वर पडद्यावर आला, हॅलो म्हणाला आणि तोंड उघडं ठेवून थांबला. शिवांजलीनं तीनदा नाव सांगितलं. मग त्याचा वडिलांच्या मोबाईलवर फोन. तिकडं मुलीचं चित्र थांबलंय आणि तिचे डोळे मिटलेलेच दिसतायत. मुलाच्या आईनं हळूच विचारलं, डोळ्यांचं काही हाय का हो? शिवांजली हेडफोन लावून तशीच बसून राहिली. हललं तर चित्र आणखी बिघडेल म्हणून असेल. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही पुसलं नाही.

मला राहवलं नाही. उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं की समोरचा रामकिसन आमचं नेट चोरतो. आप्पा अनवाणी रस्ता ओलांडून गेले. रामकिसन म्हणाला, आप्पा, माज्याकडं वायरलेसचं मशीनच न्हाई, मी वढू कशानं? आप्पांनी पन्नास लोकांत त्याला नको ते सुनावलं. पाहुणे जेवून गेले. होकार नाही, नकार नाही.

१९ मे, सोमवार

जुन्या सीडीवरच किस्मेट चालवलं. पुराव्यासाठी. सगळं नेट एकच मशीन खातंय. नेटवर प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर असतो, तो पाहिला. माझ्या कौंटरच्या मशीनचा. आपल्या मशीनला दुसऱ्याच्या मशीनचा नंबर लावता येतो, हे मी वाचलंय. रामकिसन त्या लायकीचा असेल असं वाटलं नव्हतं.

मग कौंटरवर गेलो. नव्या सीडीच्या डाउनलोडची खिडकी उघडीच होती, डाउनलोड अजून चालूच. बंद केली. वेबकॅम सुरू केला. चित्र पाण्यासारखं हललं.

खुर्चीत बसून राहिलो. आप्पांना योग्य वेळी सांगेन. आज त्यांचा उपवास असतो.

२१ मे

योग्य वेळ आली नाही. रामकिसन आला. मला वाटलं, भांडायला. आप्पांना म्हणाला, झालं गेलं ऱ्हाऊ द्या, पोरगी काय एकट्या तुमची हाय का? पाहुण्यांला फोन लावा, रविवारी माज्या दुकानात बसवू. आप्पांनी त्याचे हात धरले. मी आत जाऊन की-बोर्ड पुसले. शिवांजलीही आत आली आणि कौंटरच्या मशीनकडे बघत उभी राहिली. तिला विचारायची गरज नसावी.

२५ मे, रविवार

सगळे रामकिसनकडे गेले. शिवांजली म्हणाली, दादा, तू इथंच थांब. मी म्हणालो, हो, कॅफे उघडं ठेवायला कुणीतरी पाहिजेच. गिऱ्हाईक एकही नव्हतं. काचेतून फक्त तिची पाठ दिसत होती. ती पश्चिमेला तोंड करून बसली होती आणि आईनं टेबल फिरवायला लावलं नव्हतं.

तासाभरानं रामकिसननं पेढे वाटले. मुलाचा होकार आहे.

शिवांजली पेढा घेऊन आली. म्हणाली, त्यांनी पडद्यावरून विचारलं, तुमचे भाऊ कॉम्प्युटरमधले ना, दिसत कसे नाहीत? मी सांगितलं, दादाला सकाळपासून ताप हाय. पेढा हातावर ठेवला आणि गेली.

कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही.