भिंगरीचे हात

१० सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून हे पत्र. तुझी लेक माझ्यावर का फुगली आहे ते माझ्या तोंडूनच ऐक. मी पोरांची तयारी करून घेतो त्या प्रोग्रामिंगच्या स्पर्धेत तिघांचा संघ असतो आणि तिघांत कॉम्प्युटर एकच. आपली भिंगरी एकदा खुर्चीत बसली की उठायचं नाव नाही. संघातले बाकीचे दोघे, उंच्या आणि मौनी, कागदावर उत्तरं मांडून मागे ताटकळतात. तिची बोटं भराभर चालतात हे खरं, पण सरावात आम्ही सारखे आपटतोय. म्हणून मी सांगितलं, आता स्पर्धा संपेपर्यंत तिने कीबोर्डला हात लावायचा नाही. संघच सोडते म्हणून गेली आहे. ताई, ती गेली तर संघ मोडेल आणि मलाही झोप लागणार नाही.

लोभ असावा, राग येईल, तो त्याच्या खालोखाल असावा.

तुझा भाऊ

१६ सप्टेंबर

चि. भाऊस,

अ. उ. आ., पण या वेळी जरा हात आखडता घेऊन. अरे, पोहता येणाऱ्या पोरीला काठावर बसवतोस? मामाचा वशिला असं कुणी म्हणू नये म्हणून तू दुसरं टोक गाठलंस, मला कळत नाही का! ती तिकडे रडते, मी इकडे. तरी तिला बजावलंय, रुसायचं तर रूस, पण खेळ अर्धवट टाकून यायचं नाही. उद्यापासून येईल. पोरगी कोमेजली तर मात्र गाठ माझ्याशी आहे.

खोकला गेला का? नुसत्या चहावर जगू नकोस. राग आहे, तरी लोभ कमी झालेला नाही.

ताई

४ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. अगं, जिंकलो! अंतिम फेरीत गेलो! नीट सांगतो. आम्हा शिकवणाऱ्यांना दोरीच्या पलीकडे उभं करतात, तोंडातून अवाक्षर काढायची सोय नाही. शेवटचा प्रश्न मौनी सोडवत होता आणि त्याचं उत्तर पुन्हा पुन्हा नामंजूर होत होतं. शेवटी त्याने कीबोर्ड पुढे सारला. भिंगरी उठली. मी म्हटलं, आता ही त्याला ढकलून स्वतः बसणार. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि त्याला म्हणाली, एकेक ओळ मला समजावून सांग, मला घाई नाही. एरवी दिवसाला चार शब्द न बोलणारा तो पोरगा बोलायला लागला, आणि सांगता सांगता चूक त्याची त्यालाच सापडली. उत्तर मंजूर झालं आणि उंच्याने दोघांना उचललंच. मी दोरीपलीकडे लहान पोरासारखा नाचलो, लोक बघत होते, बघू देत. ताई, तुझ्या लेकीचा मला फार फार अभिमान वाटतो.

आता तरी पूर्ण लोभ पाठव.

तुझा भाऊ

११ ऑक्टोबर

चि. भाऊस,

अ. उ. आ., आज दोन्ही हातांनी. भिंगरी काल घरी आली. चपला काढायच्या आधी सुरू झाली ती तासभर. मौनीने काय शोधलं, उंच्याने कसा धीर दिला, मौनी हसतो तेव्हा कसा दिसतो. ऐकून ऐकून मी शेवटी विचारलं की अगं, या सगळ्यात तू काय करत होतीस? तर म्हणाली, आई, मी ऐकत होते. भाऊ, लेकीसमोर मला रडू आवरलं नाही.

ताई