फादर मास्तर पडले

बंगळूर,
ऑगस्ट १९८२

प्रिय शरणप्पा,

पडलो रे बाबा, मी पडलो! सपशेल पडलो! बसम्मावहिनींना सांग, आजच्या आज पुरण घाला. निवडणुकीत पडून एवढा हरखलेला माणूस तू तुझ्या जन्मात पाहिला नसशील. आपल्या लातूरचा जिल्हा झाल्याची बातमी इथं कळली, तेव्हा मी भर जेवणघरात टाळी वाजवली होती. मठात जेवताना बोलायचीसुद्धा बंदी, सगळे माझ्याकडं टकामका बघायला लागले. पण हा आनंद त्याच्याही वरचा आहे.

मी देवणीहून निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीशी तू काय तणतणत होतास! आमचा मास्तर उचलून न्यायचा म्हंजे काय, म्या येतो बंगळूरला, तुमच्या इरोधात परचार करतो, म्हणून. अरे, आम्हा बेनेडिक्टाइन संन्याशांच्या निवडणुकीत ना उमेदवार असतो, ना प्रचार. मठाधिपती म्हणून कोण हवा त्याचं नाव ज्यानं त्यानं चिठ्ठीवर लिहायचं. नको म्हणून आधी सांगायचीही सोय नाही. माझं नाव निघालं असतं तर मी कायमचा इथलाच झालो असतो. देवणीची शाळा सुटली असती, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करून लिहीत आणलेला आपल्या दुष्काळाचा इतिहासही अर्ध्यावर राहिला असता.

गाडीत सारखा बहात्तर सालचा तो पहिला दिवस आठवत होता. मठानं मला चार महिन्यांसाठी दुष्काळी कामावर पाठवलेलं. अंगात पायघोळ काळा झगा. तू विचारलंस, कुठल्या मठाचे? बंगळूरच्या, म्हटलं, आणि झालं! तुम्हा लिंगायतांना वाटलं, कर्नाटकातले कुणी स्वामीच आले. मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी पाटावर बसवून माझे पाय धुतले. मग तुझ्या लक्षात आलं की गळ्यात लिंग न्हाई, क्रूस हाय. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पण वहिनी म्हणाल्या, धुतले ते धुतले, आता जेवून जावा. तेव्हापासून तुमच्याच घरी जेवून राहिलोय मी.

तर परवा सकाळी पहिल्या फेरीत सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या माझ्या नावाच्या. निवडून यायला थोड्याच कमी पडल्या. दुपारी जेवायला बसलो. आमच्याकडं एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मुकाट जेवायचं, अशी रीत. जुन्या मठाधिपतींनी वाचणाऱ्याच्या हाती दिलं ते माझंच दुष्काळाचं लिखाण, मी त्यांना पाठवलेलं! मी हातानं नको नको करतोय, पण बोलणार कसा? गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या आणि तू तुझी विहीर सगळ्यांना मोकळी केलीस, गावकुसाबाहेरच्या वस्तीलासुद्धा, तो भाग निघाला. भावकीनं तुझ्याशी बोलणं टाकलं, लेकीच्या लग्नाला कुणी फिरकलं नाही. तरी वहिनी म्हणाल्या, पाणी आटलं तर आटू द्या, दोर काढायचा न्हाई. शरणप्पा, सगळ्यांचे हात ताटातच थांबले. मी मान खाली घालून रडत होतो.

दुपारच्या फेरीत माझं नाव जवळजवळ गायबच! बागेचं काम बघणारा आमचा हसरा फादर निवडून आला. नंतर एका म्हाताऱ्या संन्याशानं माझा कान धरला आणि म्हणाला, असली माणसं टाकून इथं काय करतोस, जा परत. म्हणजे शेवटी घरबसल्या तूच पाडलंस की रे मला!

आता खरं काम सांगतो. आमच्यात ज्या मठात शपथ घेतली, त्याच मठाच्या मातीत जायचं असतं. मी नव्या मठाधिपतींना भीतभीतच विचारलं की मला शेवटपर्यंत देवणीलाच राहू द्याल का. ते म्हणाले, राहा, देवणीचं घर मठाचंच समजू, पण तिथं तुम्हाला पुरणार कुठं? तुला न विचारताच मी बोलून गेलो, शरणप्पाच्या शेतात. हे पत्र त्यासाठी आहे. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे आणि येत्या आठवड्यात येतोच आहे. पण तुझ्या वडलांच्या समाधीच्या खालच्या अंगाला माझ्यापुरती जागा देशील ना? तिथं मला परकं वाटायचं नाही. फक्त एक लक्षात ठेव, तुमच्या रीतीनं बसवून पुरू नका. गुडघे पार गेलेत रे माझे. मला आपलं आडवंच झोपवा.

तुझाच, आणि आता देवणीचाच,
मार्टिन मास्तर