मॅडमची मुलाखत

मॅडम, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज ऑफिसात आम्हाला सांगितलं, की वेबसाइटचं निम्मं काम आता यंत्रच लिहील, तेव्हा प्रत्येकाने आपल्याला काय काय येतं ते कागदावर मांडा. कागद समोर घेतला आणि तुम्हीच आठवलात.

विश्रांतवाडीतला तुमचा क्लास, पिठाच्या गिरणीवरची खोली. चपला बाहेर, आत चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकालाच इंटरनेट. घरमालकांनी खाली फोन उचलला की तेही तुटायचं. वडील खडकीच्या कारखान्यातून सुटले की मला न्यायला यायचे, आणि तुम्ही त्यांना बसवून मी केलेली वेबसाइटची पानं दाखवायचात. एकदा मी पानभर मोठ्ठं चित्र टाकलं, कडेने नाचणारी अक्षरं. तुम्ही ते सगळ्यांसमोर उघडायला लावलंत. चित्र वरून खाली इंचाइंचाने उतरतंय आणि तुम्ही हाताची घडी घालून उभ्या. "मी आळंदीला जाऊन येते," तुम्ही म्हणालात, "तोवर उघडेल तुझं पान." सगळे हसले, मला रडू आलं. मग शेजारी बसून हळूच म्हणालात, "अगं, पान आपल्या हौशीसाठी नसतं. जो उघडतो त्याच्यासाठी असतं." दुसऱ्या दिवशी तुमची हाताने लिहिलेली वही मला दिलीत. त्या वहीवर मला पहिली नोकरी लागली.

पुढे सगळं फार भराभर बदललं. इंटरनेट घराघरांत आलं, मग खिशात आलं, आणि तुमच्या खोलीवर यायची कुणाला गरज उरली नाही. क्लास बंद पडला. एक दिवस येरवड्याच्या आमच्या ऑफिसात मुलाखतीला तुम्ही समोर येऊन बसलात, मांडीवर फाइल घेऊन. माझ्या शेजारी एक तरुण सहकारी. तुम्ही मला ओळखलंत, क्षणभर हसलात, आणि माझी अडचण नको म्हणून मला "आपण" म्हणालात. मला! तो एकेका नव्या साधनाचं नाव घेत गेला. "नाही केलेलं," तुम्ही दर वेळी म्हणालात, "पण शिकेन." शेवटी म्हणालात, "आपल्या साइटवरचा फॉर्म मी बसमध्ये फोनवर भरून पाहिला. दोनदा अडकला. म्हाताऱ्या माणसाला तो भरता यायचा नाही." तो गालात हसला. तुमचं बरोबर होतं, मला ते माहीत होतं. तरी मी तुमच्या अर्जावर लिहिलं, 'ज्ञान कालबाह्य.'

लिफ्टपर्यंत सोडायला आले तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. "नाव काढलंस गं." दार बंद झालं. मी ठरवलं होतं, एका रविवारी तुमच्याकडे यायचं, बसून नवं सगळं दाखवायचं. तुम्हाला महिना पुरला असता. मी आले नाही. वर्षभरात मैत्रिणीचा मेसेज आला, तुम्ही गेल्याचा.

आज मी तुमच्या तेव्हाच्या वयाची आहे. कागद अजून कोराच आहे. मी शिकलेलं बाकी सगळं दर दोन-चार वर्षांनी जुनं होत गेलं. टिकलं ते तुम्ही शिकवलेलं, आणि त्याला काय नाव द्यायचं ते कळत नाही.

तुमचा जुना ईमेल पत्ता माझ्याकडे आहे. त्यावर हे पाठवायचं धाडस नाही. त्या दिवशी लिफ्टपासून परत आले तेव्हा सहकाऱ्याने विचारलं होतं, "ओळखीच्या होत्या का?"

मी म्हटलं, "नाही."