माझा मणका सापडला त्याची हकीकत

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (पोटाला टाके आहेत, तेव्हा तूर्त मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे सर्व क्षेम. तू मावशी झालीस. मुलगी आहे, आणि आवाज थेट आत्याबाईंचा.

पण मी अजून धक्क्यातून सावरलेली नाही. सिझेरियन ठरलं तेव्हा मला वाटलं, महत्त्वाचा तो कापणारा. भूल देणारी काय, टोचून जाणार. तर ह्या भूलवाल्या डॉक्टरीणबाई आदल्या दिवशीच खुर्ची ओढून बसल्या. तोंड उघडायला लावलं, मान मागे टाकायला लावली, पाठ चाचपली. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमचं वजन सव्वाशेच्या वर आहे. पूर्ण भूल दिली तर श्वासाची नळी घालणं अवघड जाईल, आणि तेवढ्यात प्राणवायू झपाट्याने उतरेल. म्हणून कमरेत, मणक्यातच सुई देऊन फक्त खालचं अंग बधिर करू. पण मणका सापडायला वेळ लागेल." ताई, आजवर जाडी म्हणणारे चिक्कार भेटले (पहिली तू), पण ह्यात जीवही जाऊ शकतो, हे कुणी बोललं नव्हतं. मी घाबरून म्हटलं, "मणका आहे हो, लहानपणी पाहिलाय." त्या हसल्या नाहीत. शेजारी उभ्या आमच्या ह्यांचा चेहरा पांढराफटक.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलाला दोन्ही बाजूंनी फळ्या जोडलेल्या (पाहुणे जास्त झाले की जोडतात, तशा). मला वाकून बसवलं. पहिली सुई आखूड पडली. आखूड! मग सोनोग्राफीचं मशीन आलं. ज्याच्यावर बाळ बघायचं, त्याच्यावर माझा मणका शोधला. मी नर्सच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होते, "सॉरी हो, सॉरी." मागून बाई म्हणाल्या, "सॉरी कशाला? तुम्ही फक्त हलू नका. शोधायचं काम माझं." आणि लांब सुई लागली. पाय जड झाले. पोट चिकटपट्ट्यांनी वर ओढून धरलं, कापायलाच कितीतरी वेळ गेला, आणि मग ती रडली. मीही.

आता आम्ही घरी मजेत आहोत. तू मुद्दाम धावत येऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. वरचं 'घरी' बाळापुरतं आणि ह्यांच्यापुरतं खरं आहे. माझी जखम उकलली, पू झाला. मी वॉर्डातच आहे. (जाड अंगाला हा धोका जास्त, म्हणे.)

आणखी ता. क. हे फोनवर "सगळं ठीक" म्हणतात, पण बाळ आणि हे, दोघंही रडताना ऐकू येतात. ताई, ये गं. आजच नीघ.