शालिकरामजींची सलग दहा मिनिटं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
शालिकरामजींचा फोन! स्वतःहून. नऊ वर्षं त्यांच्या मैफलींचे व्हिडिओ काढतोय, त्यात पहिल्यांदा. पुण्याच्या एका संग्रहाला त्यांच्या क्लॅरिनेटची सलग दहा मिनिटं, मध्ये दुसरा कुठलाही आवाज नको, कायमची जतन करायची आहेत. मुदत १४ तारीख. पुढचे दात गेल्यापासून त्यांचं वाजवणं बंद, म्हणजे जे काही उरलंय ते माझ्याच व्हिडिओंत. ‘तुमच्याच भरोशावर हाये, कॅमेरावाले भाऊ,’ म्हणाले. नाव घेत नाहीत. जवळच्या माणसाचं कोण घेतं?
एकशे बारा व्हिडिओ. दोन दिवसांचं काम.

६ नोव्हेंबर
अठ्ठावीस पाहिले. प्रत्येकात ऐन जागेवर कुणीतरी ‘वा! क्या बात!’ ओरडतं. आपल्याकडच्या श्रोत्यांना शिस्तच नाही.

७ नोव्हेंबर, सकाळी
तो आवाज माझा आहे. बायकोनं, मिनलनं, पोळ्या लाटता लाटता ओळखला. म्हणाली, ‘तुम्ही व्हिडिओ काढत होते का कीर्तन करत होते?’
कॅमेरा माझ्याच हातात, म्हणून मी मोठा ऐकू येतो. तांत्रिक दोष. तरी स्वतःला विचारलं: दाद त्यांच्यासाठी होती, की त्यांनी वळून पाहावं म्हणून?
उत्तर उद्या.

९ नोव्हेंबर
उत्तर राहिलं. आवाज पुसायचं सॉफ्टवेअर घेतलं. माझी दाद गेली, तिच्यासोबत क्लॅरिनेटही गेलं. फारच सुरात दाद देत असणार मी.

११ नोव्हेंबर
त्यांच्या मुलीचा, मायाचा फोन. ‘बाबा रोज विचारून राहिले. झालं का जी?’ नव्वद टक्के झालं, म्हणालो. खोटं. एकशे नऊ बाद झालेत. उरलेल्या तिनांत नसेल, तर त्यांचं वाजवणं कुठेच उरणार नाही. रात्रीचा पाचवा चहा ठेवला. चहा कमी करावा.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
सापडलं! रामदासपेठेतली सकाळची मैफल, कॅमेरा स्टँडवर. चौदा मिनिटं, एकही ‘वा’ नाही. संयम आहे माझ्यात!
तसाच महाल भागात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. बोटं मांडीवर चालत होती. संपल्यावर पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, ‘हेच धाडा. पन याच्यात तुम्ही कुठं होते, भाऊ?’
त्यांच्याशी खोटं बोलवेना. कॅमेरा चालू ठेवून तर्री-पोहे खायला गेलो होतो, हे सांगून टाकलं.
त्यांनी डोळे पुसले आणि अगदी मनापासून विचारलं, ‘मंग रोज काहून नाही गेले?’